उडता रंग : घरात मावळे रंगवताना

एअरब्रशमधून निघालेल्या रंगापैकी जो रंग मूर्तीवर न बसता हवेत, टेबलावर, भिंतीवर किंवा रंगवणाऱ्याच्या छातीत जातो, त्याला ओव्हरस्प्रे म्हणतात. या प्रकरणात त्यासाठी ‘उडता रंग’ हा शब्द वापरला आहे. मोठा गणपती रंगवताना तो जाणवतो. पाच सेंटिमीटर उंचीचा मावळा रंगवताना तोच मुख्य प्रश्न होतो. मूर्ती जितकी लहान, तितका वाया जाणारा रंग जास्त, आणि त्यात रंगवणाऱ्याच्या हाताचा दोष थोडा व भूमितीचा अधिक असतो.

मावळा हा शब्द मावळ प्रांतातून आला. बारा मावळांतले शिवाजी महाराजांचे पायदळ ते मावळे, आणि दिवाळीत अंगणात दगडमातीचा किल्ला रचून, त्यावर हळीव पेरून मुले जी चित्रे उभी करतात तेही मावळेच. हे मावळे पूर्वी कुंभाराकडून रंगवूनच येत. आता प्लास्टर, फायबर आणि त्रिमिती छपाईचे बिनरंगी मावळेही मिळतात आणि ते घरीच रंगवण्याचा छंद वाढला आहे. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना यांच्या सावलीत असलेल्या लोणावळ्यात या छंदाला एक जास्तीची अडचण आहे. रंगकामाचा हंगाम श्रावणापासून आश्विनापर्यंतचा, म्हणजे बराचसा पावसाचा. खिडकी उघडावी तर झड आत येते. बंद ठेवावी तर उडता रंग खोलीतच राहतो.

ठिपका कुठे पडतो

लोणावळ्याजवळच्या मळवलीत राजा रविवर्मा यांच्या शिळाछापखान्याची यंत्रे अनेक दशके चालली. 1894मध्ये मुंबईत सुरू झालेला हा छापखाना एकोणिसावे शतक संपता संपता मळवलीला आला, पुढे फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला आणि 1972च्या आगीत तो नष्ट झाला. तिथल्या देवदेवतांच्या चित्रांत गालावरची मऊ छटा दिसते ती असंख्य बारीक ठिपक्यांनी साधलेली असते. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड आणि प्रत्येक दगडावर हाताने टिपलेले ठिपके, अशी ती पद्धत होती.

एअरब्रशही ठिपक्यांनीच छटा चढवतो. फरक एवढाच की शिळाछापाचा ठिपका कारागिराने ठेवला तिथेच राहतो आणि एअरब्रशचा ठिपका आधी हवेतून प्रवास करतो. पेण, हमरापूर, जोहे इथल्या गणपतीच्या कारखान्यांत अंगाचा रंग गनने मारतात. दागिने, सोवळ्याचे काठ आणि डोळ्यांची आखणी मात्र ब्रशनेच होते. मऊ छटेचे काम हवेला, रेषेचे काम हाताला, ही वाटणी लहान मूर्तीलाही लागू पडते. फक्त कारखाना म्हणजे बाजूंनी मोकळी शेड असते आणि घर म्हणजे चार भिंती.

पाच सेंटिमीटरच्या मावळ्याचा चेहरा साधारण सहा मिलिमीटर रुंद असतो. एअरब्रशचा फवारा तिथे पोचेपर्यंत बारा मिलिमीटरचे वर्तुळ झाला, तर त्या वर्तुळाचे क्षेत्रफळ चेहऱ्याच्या चौपट भरते. म्हणजे नेम अचूक असला तरी चार भागांपैकी तीन भाग रंग चेहऱ्याबाहेर जाणार. त्यातला काही पागोट्यावर आणि खांद्यावर बसतो, उरलेला मागे निघून जातो. शिवाय फवाऱ्याची हवा मूर्तीवर आपटून बाजूला वळते आणि अगदी बारीक थेंबांना सोबत घेऊन जाते. जड थेंब सरळ जाऊन मूर्तीला चिकटतात. हलके थेंब हवेबरोबर वळसा घालून निसटतात.

निसटलेला थेंब हवेत किती वेळ राहील, हे त्याच्या आकारावर ठरते. शांत हवेत, पाण्याइतक्या घनतेचा 100 मायक्रॉनचा थेंब एक मीटर खाली यायला चार सेकंद घेतो. 10 मायक्रॉनच्या थेंबाला साडेपाच मिनिटे लागतात, 5 मायक्रॉनच्या थेंबाला वीस मिनिटांहून अधिक आणि 1 मायक्रॉनच्या कणाला जवळपास आठ तास. छताचा पंखा चालू असेल तर हा हिशेबही कोलमडतो, कारण 10 मायक्रॉनचा कण सेकंदाला तीन मिलिमीटर खाली येतो आणि पंख्याचा वारा त्याच्या शेकडो पट वेगाने त्याला फिरवतो. म्हणून रंगकामाचा पहिला नियम कोणत्याही यंत्राशिवाय पाळता येतो : छताचा पंखा बंद.

वाटेत थेंब वाळतो. पन्नास मायक्रॉनचा पाण्याचा थेंब उन्हाळी कोरड्या हवेत चारेक सेकंदांत, तर पावसाळी दमट हवेत त्याच्या तिपटीहून अधिक वेळाने आटतो. त्याहून लहान थेंब क्षणात आटतात. आटल्यावर उरते ती रंगद्रव्य आणि राळ यांची कोरडी भुकटी. टेबलावर बोट फिरवले की लागते ती हीच. ती ओल्या रंगासारखी चिकटत नाही, पुन्हा उडते आणि ताज्या रंगवलेल्या मूर्तीवर बसली तर पृष्ठभाग पॉलिश पेपरसारखा खरखरीत करते.

कमी उडवणे

उडत्या रंगावरचा सर्वात स्वस्त उपाय म्हणजे तो तयारच कमी करणे. त्यासाठी चार गोष्टी हातात असतात : प्रेशर, रंगाचा पातळपणा, अंतर आणि एअरब्रशचा घोडा (ट्रिगर).

लहान मूर्तींसाठी 15 ते 25 पीएसआय प्रेशर पुरते. प्रेशर घोडा दाबून, हवा वाहत असताना वाचावे. घोडा सोडलेला असताना काटा जास्त दाखवतो. प्रेशर वाढवले की थेंब बारीक होतात, हवा जोरात आपटते आणि दोन्ही कारणांनी उडता रंग वाढतो. प्रेशर फार कमी केले तर थेंब जाड पडून दाणे दिसतात. कागदावर फवारत प्रेशर हळूहळू उतरवावे आणि दाणे दिसू लागले की किंचित वर घेऊन तिथे थांबावे.

कमी प्रेशरवर चालायचे तर रंग पातळ हवा. जलविद्राव्य अॅक्रिलिक रंग दुधाइतका पातळ करतात. एअरब्रशच्या कपाच्या आतल्या भिंतीवर तो ब्रशने चढवला तर ओघळून पातळ पापुद्रा मागे राहावा. सुईचा आकार कामानुसार घ्यावा : बारीक छटांना 0.2 मिमी, रोजच्या कामाला 0.3 मिमी, अस्तराला आणि वॉर्निशला 0.4 किंवा 0.5 मिमी.

अंतर पाच ते दहा सेंटिमीटर ठेवावे. हात जवळ आणला की वर्तुळ लहान होते आणि थेंब वाळण्याआधी पोचतो. जवळून काम करताना रंग कमी सोडावा लागतो, नाहीतर तो वाऱ्याने पसरून कोळ्याच्या पायांसारख्या रेघा काढतो. दुहेरी घोड्याच्या एअरब्रशमध्ये खाली दाबले की हवा आणि मागे ओढले की रंग सुटतो. क्रम नेहमी एकच : आधी हवा, मग रंग, थांबताना आधी रंग बंद, मग हवा. उलट केल्यास टोकाशी राहिलेला थेंब पुढच्या वेळी शिंतोडा होऊन उडतो.

कोणत्या भागावर गन, म्हणजे एअरब्रश, चालवायची, हेही आधी ठरवावे. अस्तर, अंगाची मूळ छटा, अंगरख्याच्या घड्यांतली सावली आणि शेवटचे वॉर्निश एवढेच एअरब्रशने करावे. शेला, पागोट्याचे पीळ, ढालीच्या कड्या, मिशा आणि डोळे ब्रशने. गनचे काम पूर्ण झाल्यावर ब्रश हातात घेतला की शेजारच्या भागावर उडालेला रंग आपोआप झाकला जातो. जिथे झाकणे शक्य नाही तिथे मास्किंग टेप किंवा चिकट पुट्टीचा गोळा लावावा.

उगमाशी पकडणे

कितीही जपले तरी काही रंग उडणारच. तो खोलीभर पसरण्याआधी पकडायचा तर त्याच्यामागे तोंड उघडून बसलेले खोके हवे. बाजारात याला स्प्रे बूथ म्हणतात. तीन बाजूंनी आणि वरून बंद खोके, मागच्या भिंतीवर तंतूंचा किंवा स्पंजाचा फिल्टर, त्यामागे पंखा आणि पंख्यापासून खिडकीबाहेर गेलेला पाइप, असे त्याचे भाग असतात.

खोके मूर्तीच्या अगदी मागेच का हवे, खोलीच्या खिडकीतला एक्झॉस्ट फॅन का पुरत नाही, हे मेणबत्तीवरून कळते. हातभर अंतरावरची मेणबत्ती फुंकरीने विझवता येते. तेवढ्याच अंतरावरून श्वास ओढून मात्र ज्योत हलतही नाही. फुंकर एका दिशेने जाते, पण ओढलेली हवा सगळीकडून येते. गोल पाइपच्या तोंडापासून त्याच्या व्यासाइतके दूर गेले तरी ओढीचा वेग तोंडाशी असलेल्या वेगाच्या दहाव्या हिश्शावर येतो. म्हणून मूर्ती खोक्याच्या आत धरावी, ओठावर नव्हे, आणि फवारा फिल्टरच्या दिशेने मारावा. मूर्ती बाटलीच्या झाकणावर चिकटवून फिरत्या पाटावर ठेवली की हात न वळवता मूर्तीच वळवता येते. रंगवणारा कडेने फवारू लागला की अर्धा रंग बाजूच्या भिंतीवर आपटून परत खोलीत येतो.

खोक्याच्या तोंडाशी हवा सेकंदाला साधारण अर्धा मीटर वेगाने आत जावी. 40 सेंमी रुंद आणि 30 सेंमी उंच तोंडाला त्यासाठी तासाला सुमारे 216 घनमीटर हवा ओढावी लागते. पंख्यावर लिहिलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो. फिल्टर, लांब पाइप आणि वळणे यांमुळे तो बराच घटतो. त्यामुळे हिशेबाच्या दुप्पट क्षमतेचा पंखा घ्यावा, पाइप शक्य तितका आखूड आणि सरळ ठेवावा.

खोके नीट ओढते की नाही, हे उदबत्तीने तपासता येते. पेटलेली उदबत्ती खोक्याच्या तोंडाशी चारही कोपऱ्यांत धरावी. धूर सगळीकडे आत वाकला तर ओढ ठीक. कुठे उभा राहिला किंवा बाहेर आला तर तिथून रंगही बाहेर येणार. ही तपासणी रंगकामाच्या आधीच करावी. थिनरचे रंग वापरायचे असतील तर उदबत्ती, निरांजन, गॅस काहीही त्या खोलीत पेटलेले नसावे, आणि ठिणगी न उडवणारी मोटर असलेलाच पंखा लावावा. ज्या घरात अशी मोटर नाही तिथे फक्त जलविद्राव्य रंग फवारावेत. डब्यातले स्प्रे घरात मारूच नयेत. त्यातला वायू आणि द्रावक दोन्ही पेट घेणारे असतात.

पंखा नसलेले खोकेही अगदी निरुपयोगी नसते. मोठ्या पुठ्ठ्याच्या खोक्याला आतून ओले, घट्ट पिळलेले सुती कापड लावले की त्यावर आपटलेली भुकटी चिकटून राहते. अर्धा तास ब्रशचे काम आणि मध्येच पाच मिनिटे गन, एवढ्यापुरते ते चालते. पण बारीक कण त्याला दाद देत नाहीत, त्यामुळे मास्क आणि उघडी खिडकी यांची गरज तशीच राहते.

बाहेर काढणे, आणि आत घेणे

फिल्टर रंगाचे जाड कण धरतो, वाफ धरत नाही. कोळशाचा फिल्टर वाफ धरतो, पण भरला की थांबतो आणि दमट हवेत त्याची ताकद घटते. त्यामुळे फिल्टरमधून गाळून हवा परत खोलीत सोडणारे खोके पावसाळ्यात भरवशाचे नाही. हवा बाहेरच गेली पाहिजे.

बाहेर जाणाऱ्या प्रत्येक घनमीटरइतकी हवा आत यावी लागते. दारे-खिडक्या घट्ट बंद असतील तर पंखा नुसता गुरगुरतो आणि ओढ मरते. खोक्याच्या विरुद्ध बाजूचे दार चार बोटे उघडे ठेवावे म्हणजे हवा त्या दारातून शिरून, रंगवणाऱ्याच्या पाठीवरून खोक्यात जाते. शेजारून येणारा वारा मात्र खोक्यासमोर आडवा वाहून रंग बाहेर खेचतो.

लोणावळ्यात पाइपच्या तोंडाची दिशा महत्त्वाची ठरते. समुद्रसपाटीपासून 622 मीटरवरच्या या गावात पावसाळी वारा पश्चिमेकडून, घाट चढून येतो. पश्चिमेच्या खिडकीत पाइप काढला तर वारा पंख्याला मागे ढकलतो आणि झड पाइपमधून खोक्यात येते. पाइप पूर्वेकडे काढावा, त्याला बाहेरच्या बाजूला उतार द्यावा, टोकाला खाली वळलेले कोपर आणि पंखा थांबताच मिटणारी झडप लावावी. पाइपचे तोंड शेजारच्या खिडकीकडे किंवा गॅलरीतल्या कपड्यांकडे नसावे. पावसाळ्यात कपडे घरातच दोरीवर वाळत असतात. ती दोरीही रंगकामाच्या खोलीत नको. ओल्या पांढऱ्या कापडावर बसलेली भुकटी वाळल्यावरच दिसते, आणि तोवर ती पक्की झालेली असते.

काम संपल्यावर पंखा लगेच बंद करू नये. तीन मीटर लांब, रुंद आणि उंच खोलीत 27 घनमीटर हवा असते. तासाला 216 घनमीटर ओढणारा पंखा ती आठ वेळा बदलतो. या वेगाने वीस मिनिटांत हवेतला उडता रंग दहा टक्क्यांच्या खाली येतो. तोवर मास्क काढू नये.

मास्क हा शेवटचा अडसर आहे, पहिला नव्हे. रुमाल आणि शस्त्रक्रियेचा मास्क बारीक कणांसाठी बनलेले नसतात. जलविद्राव्य रंगांना एन95 किंवा भारतीय मानक आयएस 9473 प्रमाणे बनवलेला एफएफपी2 मास्क लावावा. थिनरच्या रंगांना कणांचा आणि सेंद्रिय वाफेचा असा दुहेरी काडतुसाचा मास्क लागतो. दाढीवर कोणताही मास्क घट्ट बसत नाही. ‘पाण्याचा रंग आहे, काही होत नाही’ हा समज चुकीचा आहे. पाणी आटल्यावर छातीत जाते ती राळ आणि रंगद्रव्येच. कॅडमियम, शिसे, क्रोमियम किंवा कोबाल्ट असलेले रंग ब्रशने लावावेत, फवारू नयेत. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण 90 पीपीएमपेक्षा जास्त नसावे, असा भारताचा 2016चा नियम आहे. सुट्या पुड्यांतले शेंदरी आणि पिवळे रंग घेताना तो आठवावा, कारण पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचेच संयुग.

दमट हवेचा हिशेब

पावसाळ्यात उडत्या रंगाला पाण्याची जोड मिळते. चोवीस अंश तापमानाला आणि नव्वद टक्के आर्द्रतेला एक घनमीटर हवेत सुमारे वीस ग्रॅम पाण्याची वाफ असते. कॉम्प्रेसर ही हवा दाबून तिप्पट दाट करतो. टाकीत ती निवली की दोन-तृतीयांश वाफेचे पाणी होते. मिनिटाला वीस लिटर हवा ओढणारा कॉम्प्रेसर तासाभरात सव्वा घनमीटरच्या आसपास हवा घेतो, म्हणजे तीन चहाचे चमचे पाणी टाकीत आणि नळीत जमते. ते एअरब्रशपर्यंत पोचले की रंगात पाण्याचा थेंब पडतो आणि मावळ्याच्या गालावर गोल डाग उठतो.

यासाठी कॉम्प्रेसरवरचा पाणी पकडणारा ट्रॅप पुरेसा नसतो. एअरब्रशच्या बुडाशी दुसरा लहान ट्रॅप लावावा. दर अर्ध्या तासाने ट्रॅप आणि दिवसाअखेर टाकी रिकामी करावी. कॉम्प्रेसर खोलीतल्या सर्वात कोरड्या जागी, गॅलरीपासून दूर ठेवावा.

दमट हवेत थेंब उशिरा वाळतो, त्यामुळे कोरडी भुकटी किंचित कमी होते, पण मूर्तीवरचा थर ओघळतो. थर अधिक पातळ आणि दोन थरांमधला वेळ दुप्पट ठेवावा. मॅट वॉर्निश धो धो पावसात मारल्यास पांढरट झाक येते. ते काम उघडिपीसाठी राखून ठेवावे. मार्च ते मे या कोरड्या महिन्यांत उलटे घडते : सुईच्या टोकावर रंग वाळतो आणि भुकटी वाढते. तेव्हा रंग उशिरा वाळवणाऱ्या द्रवाचे एक-दोन थेंब कपात टाकावेत आणि हात आणखी जवळ आणावा.

धुणे आणि टाकणे

साफसफाईतही बराच रंग उडतो. रंग बदलताना कपातला उरलेला रंग जोराने हवेत सोडण्याची सवय वाईट. झाकणाला भोक आणि बाजूला फिल्टर असलेल्या बरणीत एअरब्रशचे टोक घालून तो सोडावा. ही बरणी खोक्याच्या आतच असावी आणि मास्क तोंडावरच असावा.

खोके, टेबल आणि फरशी कधीही कोरड्या झाडूने झाडू नये. झाडूने भुकटी पुन्हा हवेत जाते. ओल्या फडक्याने पुसावे. खोक्याची गळती तपासायची असेल तर रंगकामाआधी खोक्यापासून एक हात, एक मीटर आणि दोन मीटर अंतरावर काळे गुळगुळीत पुठ्ठे ठेवावेत, पांढरा रंग फवारावा आणि नंतर पुठ्ठ्यांवर ओले बोट फिरवावे. दोन मीटरवरच्या पुठ्ठ्यावर बोटाची रेघ उमटली तर ओढ कमी आहे किंवा फिल्टर भरला आहे. रंगाने दाटलेला फिल्टर झटकून पुन्हा वापरू नये. पिशवीत बांधून टाकावा.

बरणीतले रंगीत पाणी सरळ मोरीत ओतू नये. इंद्रायणीचा उगम लोणावळ्यालगतच्या कुरवंडे परिसरात आहे. या गावातले सांडपाणी म्हणजे नदीचे सुरुवातीचेच पाणी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2020च्या मूर्तिविसर्जनाच्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत विषारी रासायनिक रंग टाळण्यास सांगितले आहे, तो विचार धुण्याच्या पाण्यालाही लागू होतो. पाणी बादलीत दोन दिवस स्थिर ठेवले की जड रंग तळाशी बसतो. वरचे निवळ पाणी कापडातून गाळून सोडावे, खालचा गाळ जुन्या वर्तमानपत्रावर वाळवून सुक्या कचऱ्यात द्यावा. थिनरचे पाणी या पद्धतीत कधीच मिसळू नये. ते झाकणबंद डब्यात वेगळे साठवून घातक कचरा म्हणून द्यावे.